तबकडीवर न छापलेलीं नांवें

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या रात्रीं पडदा पडतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि ज्या मुलानें राजाची भूमिका केली त्याच्या गळ्यांत हार पडतो. तो हार त्याला मिळूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु त्याच्या पदांस ज्यानें पेटीची साथ केली, त्याचा सूर सुटला तेव्हां ज्यानें योग्य त्या पट्टीवर बोट दाबून धरून त्याला सांभाळून घेतलें, तो मुलगा विंगेच्या अंधारांत बसलेला असतो. कार्यक्रमपत्रिकेंत त्याचें नांव नसतें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्याच्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकास असा एखादा मुलगा किंवा मुलगी आठवत असेल.

ही गोष्ट क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस ती तशी वाटत नाहीं. जें आमच्या संमेलनांत एका रात्रीपुरतें घडतें तेंच मोठ्या जगांत पन्नास-पन्नास वर्षें घडत राहतें, आणि त्यामुळें खऱ्या गुणी माणसांचीं नांवें लोकांच्या स्मरणांतून पुसलीं जातात. ह्याचा दाखला म्हणून आज आम्ही एका दूरदेशच्या संगीताची हकीकत सांगणार आहोंत. तें संगीत म्हणजे जॅझ होय. त्यांतील उपेक्षितांस त्यांचा मान मिळाला पाहिजे, आणि असा मान आपोआप मिळत नसून कोणीतरी कष्ट घेऊन तो मिळवून द्यावा लागतो, एवढेंच आमचें प्रतिपादन आहे.

जॅझ म्हणजे नुसता गोंगाट, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं, अमेरिकेच्या दक्षिण भागांतील न्यू ऑर्लिन्स शहरांत, ज्यांचे वाडवडील गुलाम म्हणून आफ्रिकेंतून आणले गेले होते त्या कृष्णवर्णीय लोकांनीं हें संगीत घडविलें. आपला गवई एखादी चीज घेऊन तिच्यावर ऐन वेळीं आलाप-ताना रचतो, त्याचप्रमाणें जॅझचा वादक एक परिचित चाल घेतो आणि तिच्या अंगानें जाणारे नवे नवे स्वरसमूह जागच्या जागीं निर्माण करतो. फरक इतकाच कीं, तेथें त्याच्या खालीं पाश्चात्य पद्धतीच्या स्वरमेळाची बैठक असते, आणि ती बैठक दुसरे वादक सांभाळीत असतात. ह्या संगीताच्या बाल्यावस्थेपासूनच काम एकाचें आणि नांव दुसऱ्याचें असा प्रकार सुरू झाला. सन १९१७ मध्यें जॅझची म्हणून जी पहिली ग्रामोफोनची तबकडी बाजारांत आली, ती ज्यांनीं हें संगीत निर्माण केलें त्यांची नव्हती. ती पांच गोऱ्या वादकांच्या मंडळीची होती.

लुई आर्मस्ट्राँग ह्यांचें नांव सर्व जगास ठाऊक आहे. सन १९२५ ते १९२७ ह्या काळांत 'हॉट फाइव्ह' नांवाच्या त्यांच्या मंडळीनें ज्या तबकड्या केल्या, त्या जॅझच्या इतिहासांत शिरोधार्य मानल्या जातात. परंतु त्या मंडळींत पियानोपुढें कोण बसलें होतें, हें किती जणांस सांगतां येईल? त्या होत्या लिल हार्डिन. त्यांचा जन्म १८९८ सालीं मेंफिस येथें झाला. शिकागोच्या एका दुकानांत गाण्यांचीं छापील पानें गिऱ्हाइकांस पियानोवर वाजवून दाखविण्याची नोकरी त्यांनीं केली, आणि पुढें किंग ऑलिव्हर ह्यांच्या नामांकित मंडळींत त्या पियानोवादक झाल्या. त्याच मंडळींत आर्मस्ट्राँग हे दुसऱ्या क्रमांकाचे कॉर्नेटवादक म्हणून दाखल झाले. १९२४ सालीं दोघांचा विवाह झाला. दुसऱ्याच्या हाताखालीं न राहतां स्वतःच्या बळावर पुढें यावें, असा आग्रह ह्या बाईंनींच पतीपाशीं धरला, आणि त्या आग्रहास्तव आर्मस्ट्राँग ऑलिव्हरांची मंडळी सोडून न्यूयॉर्कला गेले. 'स्ट्रटिन् विथ सम बार्बेक्यू' ही त्या तबकड्यांतील प्रसिद्ध रचनाही लिल हार्डिन ह्यांचीच. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. १९७१ च्या जुलै महिन्यांत आर्मस्ट्राँग वारले, आणि ऑगस्टमध्यें शिकागो येथें त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या जलशांत पियानो वाजवीत असतांनाच लिल हार्डिन कोसळल्या व मरण पावल्या. इतकें असूनही, 'आर्मस्ट्राँग ह्यांची एके काळची पत्नी' एवढीच त्यांची ओळख पुष्कळांस आहे.

दुसरें उदाहरण बिली स्ट्रेहॉर्न ह्यांचें. पिट्सबर्ग शहरांत औषधांच्या एका दुकानांत काम करणारा हा तरुण १९३८ च्या डिसेंबरांत ड्यूक एलिंग्टन ह्यांस भेटला आणि त्यांना त्यानें पियानो वाजवून दाखविला. तेव्हां त्याचें वय तेवीस होतें. पुढें जवळजवळ एकोणतीस वर्षें स्ट्रेहॉर्न हे एलिंग्टन ह्यांच्या वाद्यवृंदासाठीं लिहीत राहिले. १९४१ सालीं अमेरिकेंत रेडिओ कंपन्या व रचनाकारांची संस्था ह्यांच्यांत पैशासंबंधीं तंटा होऊन एलिंग्टन ह्यांच्या स्वतःच्या रचना रेडिओवर वाजविणें अशक्य झालें. त्या अडचणींत स्ट्रेहॉर्न ह्यांच्या रचना कामास आल्या. 'टेक द ए ट्रेन' ही त्यांतीलच एक होय. ती त्या वाद्यवृंदाची ओळखीची धून बनली, आणि अनेक श्रोते ती एलिंग्टन ह्यांचीच समजून ऐकत आले.

येथें आम्हांस एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. एलिंग्टन हे कृतघ्न नव्हते. आपल्या सहकाऱ्याची थोरवी ते उघडपणें सांगत, आणि १९६७ सालीं स्ट्रेहॉर्न ह्यांच्या निधनानंतर त्यांच्या रचनांची एक स्वतंत्र तबकडीही त्यांनीं काढली. म्हणजे ह्या कथेंत खलपुरुष कोणी नाहीं. तरीही अन्याय झाला तो झालाच. जाहिरातींत एकच नांव मावतें, तिकिटें एकाच नांवावर खपतात, आणि श्रोता घरीं जातांना एकच नांव बरोबर नेतो. दुष्टपणापेक्षां ही संवय अधिक बलवत्तर असते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच पिट्सबर्गमध्यें वाढलेल्या मेरी लू विल्यम्स (१९१०–१९८१) ह्यांचें चरित्र तर आमच्या विद्यार्थिनींनीं अवश्य वाचावें. सहा-सात वर्षांच्या वयांत त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरीं पियानो वाजवीत. पुढें अँडी कर्क ह्यांच्या मंडळींत त्या केवळ वादक राहिल्या नाहींत. सर्व वाद्यांनीं काय वाजवावयाचें तें त्याच लिहून देत. बेनी गुडमन व ड्यूक एलिंग्टन ह्यांच्यासारख्या प्रसिद्ध नायकांनींही त्यांच्याकडून रचना करून घेतल्या. १९४५ सालीं त्यांनीं बारा राशींवर बारा भागांची एक रचना केली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशीं न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें ती लहानशा वाद्यवृंदासह सादर केली. त्यांच्या हार्लेममधील घरीं थिलोनिअस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी हे तरुण जमत व नव्या कल्पना वाजवून पाहत. ह्या तरुणांचीं नांवें पुढें जगभर झालीं. ज्या घरांत ते बसत त्या घरच्या बाईचें नांव मागें पडलें. १९५४ सालीं पॅरिस येथें मन विटून त्यांनीं वादन सोडलें. तीन वर्षांनीं त्या परतल्या. मधल्या काळांत त्यांनीं कॅथॉलिक पंथाचा स्वीकार केला होता. हाल-अपेष्टांत सांपडलेल्या वादकांस मदत करतां यावी म्हणून त्यांनीं जुन्या कपड्यांचें व वस्तूंचें दुकान चालविलें. त्यांनीं रचिलेला मिस्सा १९७५ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्यें जॅझच्या स्वरांत झाला. स्वतःस पुरती ओळख मिळाली नसतां दुसऱ्यांची चिंता वाहणारी अशी माणसें विरळाच.

ह्या तिघांस निदान जाणकारांचा तरी आदर मिळाला. हर्बी निकल्स ह्यांच्या वांट्यास तोही फारसा आला नाहीं. १९१९ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेल्या ह्या पियानोवादकानें असंख्य रचना केल्या. त्यांची धाटणी कोणासारखी नव्हती. म्हणूनच कीं काय, त्या वाजविण्याची संधि त्यांस क्वचितच मिळाली. पोटासाठीं ते जुन्या, ठराविक धाटणीच्या मंडळ्यांतून, लोकांस हवें तें वाजवीत राहिले. १९५५ व १९५६ सालीं ब्लू नोट कंपनीनें त्यांचें वादन मुद्रित केलें, परंतु त्या तबकड्यांची वाहवा झाली नाहीं. बिली हॉलिडे ह्या विख्यात गायिकेनें गाइलेल्या 'लेडी सिंग्ज द ब्लूज' ह्या गीताची चाल मूळ निकल्स ह्यांची; गीत अमर झालें, चाल देणारा अज्ञात राहिला. १९६३ सालीं, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें ते वारले.

आतां ह्यावर एक आक्षेप येईल. पुष्कळ सुविचारी लोक म्हणतात, 'खऱ्या गुणांची पारख आज ना उद्यां होतेच. काळ सर्वांचा न्याय करतो.' महाकवि भवभूतीनेंही अशीच आशा बाळगली होती. काळ अनंत व पृथ्वी विशाल असल्यामुळें आपल्यासारखा मनाचा माणूस केव्हां तरी, कोठें तरी जन्मास येईल, असा त्याला भरंवसा वाटे. भवभूतीचा भरंवसा खरा ठरला, हें आम्ही मान्य करतों. परंतु तो खरा कोणी ठरविला? काळानें नव्हे. त्याच्या नाटकांच्या पोथ्या हातानें उतरून काढणाऱ्या, त्या जपून ठेवणाऱ्या व त्यांवर टीका लिहिणाऱ्या माणसांनीं. काळाच्या हातीं दिलें तर तो पोथ्यांना कसर लावतो आणि तबकड्या फोडून टाकतो.

निकल्स ह्यांचेंच पाहा. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १९६६ सालीं, ए. बी. स्पेलमन ह्या लेखकानें चार जॅझ वादकांच्या जीवनावर एक पुस्तक लिहिलें. त्या चौघांत निकल्स ह्यांस स्थान दिलें. रॉझवेल रड ह्या ट्राँबोनवादकानें तरुणपणीं त्यांच्याबरोबर वाजविलें होतें. त्यानें पुढें अनेक वर्षांनीं त्यांच्या अप्रकाशित रचना वाजविल्या व छापून काढल्या. आज निकल्स ह्यांचें नांव जें थोडेंबहुत घेतलें जातें, तें अशा दोन-चार माणसांच्या चिकाटीमुळें. ज्याला असा मित्र लाभला नाहीं, त्याचें काय झालें तें विचारण्यासही आज कोणी उरलेलें नाहीं.

दुसरा आक्षेप ह्याहून अधिक आदरणीय आहे. पायाचा दगड दिसत नाहीं म्हणूनच कळस शोभतो. कर्तव्य करावें आणि नांवाची हांव धरूं नये, असें आम्हांस लहानपणापासून शिकविलें जातें. ही शिकवण आम्ही शिरसावंद्य मानतों. परंतु ती शिकवण ज्याची त्यानें आचरावयाची आहे. दुसऱ्याचें नांव गाळण्यासाठीं तिचा उपयोग करणें हें सरळपणाचें नव्हे. एखाद्यानें आपला घांस आपण होऊन दुसऱ्यास द्यावा ह्याला त्याग म्हणतात. त्याच्या ताटांतून तो उचलून घ्यावा ह्याला त्याग म्हणत नाहींत. नम्र राहणें हा वादकाचा धर्म असेल; त्याची आठवण ठेवणें हा श्रोत्याचा धर्म आहे. शिवाय नांवाबरोबर भाकरीही जाते, हें विसरूं नये. ज्याचें नांव तबकडीवर नाहीं त्याला पुढच्या कामास बोलावणें येईलच असें नसतें, आणि म्हातारपणीं त्याची विचारपूसही होत नाहीं.

शेवटीं कोणी विचारील कीं, ह्या परक्या मुलखाच्या गोष्टींचें आम्हां मराठी लोकांस काय? त्याचें उत्तर मुंबईच्या अपोलो बंदरावरच मिळतें. लिऑन अ‍ॅबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकानें १९३५ च्या अखेरीस आपली मंडळी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आणली. टेडी वेदरफोर्ड ह्यांनींही तेथें पियानो वाजविला. हे वेदरफोर्ड एके काळीं शिकागोस ज्या वाद्यवृंदांत होते त्यांतच आर्मस्ट्राँगही वाजवीत. ते १९२६ सालीं पूर्वेकडे आले, शांघाय, मुंबई व कलकत्ता येथें त्यांनीं आयुष्य घालविलें, आणि १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीच्या विकारानें त्यांचा अंत झाला. स्वदेशापासून दूर राहिल्यामुळें त्यांच्या देशबांधवांस त्यांची आठवण फारशी राहिली नाहीं.

ह्या पाहुण्यांचें वादन ज्यांनीं मन लावून ऐकलें व आत्मसात् केलें, ते बहुतेक गोव्याचे तरुण होते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यांत चर्चला जोडलेल्या संगीतशाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. ती विद्या घेऊन हे तरुण मुंबईस पोट भरण्यासाठीं येत. हळदोणे गांवीं १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियु शावियेर वाझ हे त्यांपैकीं एक. 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ते ट्रंपेट वाजवीत, आणि लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्यास जन्मलेले आमचे मराठी संगीतकार सी. रामचंद्र ह्यांच्या चित्रपटसंगीतांत त्यांचा मोठा वांटा आहे. भगवानदादांचा १९५१ सालचा 'अलबेला' ज्यांनीं पाहिला, त्यांनीं चिक चॉकलेट ह्यांचें वादन ऐकलें आहे. मात्र तें कोणाचें, हें त्यांस ठाऊक नसेल. सबॅस्टियन डिसोझा ह्यांनीं शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर ह्यांच्या कित्येक गाण्यांचा वाद्यमेळ लिहिला. परंतु चित्रपटाच्या आरंभींच्या नामावलींत संगीत-दिग्दर्शकाचें नांव ठळक येई. वाद्यमेळ लिहिणाऱ्यास फार तर साहाय्यक म्हणून जागा मिळे, आणि प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांस बहुधा तीही नसे.

ह्या विस्मृतीचा एक नमुना मोठा विलक्षण आहे. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटामुळें 'अँथनी गोन्साल्विस' हें नांव घरोघर झालें. तें नांव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचें आहे. ते गोव्यांतील माजोर्डे गांवचे आणि संगीतकार प्यारेलाल ह्यांचे गुरु. शिष्यानें गुरूचें नांव गाण्यांत गोंवून ऋण फेडलें. नांव कोट्यवधि लोकांच्या तोंडीं बसलें. पण हा कोणी खरा माणूस आहे, हें त्यांतील फारच थोड्यांस कळलें. अलीकडे ग्रेगरी बूथ ह्यांनीं 'बिहाइंड द कर्टन' (२००८) व नरेश फर्नांडिस ह्यांनीं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे ग्रंथ लिहून ह्या वादकांच्या हकीकती जमविल्या. आम्ही वर म्हटलें तेंच येथें पुन्हां दिसतें: काळ गप्पच बसला होता, माणसें उठलीं तेव्हां काम झालें.

म्हणून आमची आमच्या वाचकांस विनंति आहे. आज गाणें हातांतील फोनवर ऐकूं येतें. त्याच्या पडद्यावर गायकाचें नांव दिसतें, वाजविणाऱ्यांचीं बहुधा दिसत नाहींत. पालकांनीं घरीं गाणें लागलें असतां मुलांस एकच प्रश्न विचारावा: हें ट्रंपेट कोण वाजवीत आहे? उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनीं मिळून शोधावें. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं एखादे वृद्ध वादक असतील, त्यांनीं त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आठवणी वहींत उतरून घ्याव्या. ही संधि एकदां गेली कीं पुन्हां येत नाहीं. आणि आरंभ आपल्याच शाळेपासून व्हावा. पुढील वर्षाच्या संमेलनाच्या पत्रिकेंत पेटी वाजविणारा, तबला वाजविणारा, पडदा ओढणारा आणि रंगभूषा करणारी, ह्या सर्वांचीं नांवें नायकाच्या नांवाखालीं छापलीं जावीं. त्यास कागदाच्या चार ओळी अधिक लागतील. तेवढ्या खर्चाची तयारी नसेल, तर हार एका गळ्यांत घालतांना आपण दुसऱ्याचें देणें बुडवीत आहोंत, हें आपण निदान प्रामाणिकपणें कबूल करावें.